बंद पेपर मिलचा राखणदार

बाळू, तुला खांदा द्यायला चौथा माणूस पुढं येत नव्हता.

हे तुला सांगावं की नाही, यात माझे आठ दिवस गेले. तिरडी बांधून झाली होती. पुढं डावीकडं मी, मागं तुझा चुलतभाऊ रामा आणि खुटबावहून आलेला तुझा मेहुणा. पुढची उजवी बाजू मोकळी. अंगण माणसांनी भरलेलं होतं, पण सगळी दोन पावलं मागं सरकून उभी. कुणी स्वतःच्या चपलांकडं बघत होतं, कुणी मोबाइल काढून उगाच चाळत होतं. ज्यांच्या विहिरीवरचे स्टार्टर तू पावसापाण्यात जाऊन चालू करून दिलेस, तीच माणसं. मला आधी कळलंच नाही. मी दोनदा म्हणालो, "या की रं कुणीतरी." मग मागच्या बायकांतून हळू आवाज आला, "त्यांच्या अंगात अणू हुता म्हनं."

तुझे आबा ओट्यावर बसून हे सगळं बघत होते.

तेवढ्यात शकीलभाई आला. शिरूरचा भंगारवाला. मोटारसायकल रस्त्यालाच लावून चालत आला, अंगणात पाऊल ठेवल्यावर एक मिनिट सगळ्यांकडं बघत राहिला. त्याला आपलं काय चाललंय ते कळलं असावं. त्यानं बूट काढले आणि सरळ येऊन मोकळ्या जागी उभा राहिला. आपल्यातलं कुणीतरी म्हणालं, "भाई, जरा थांबा." तो थांबला नाही. म्हणाला, "वो डिब्बा मेरे यहाँ पड़ा था. किससे डरना, किससे नहीं, साहब ने ही आके बताया. इनसे डरने का नहीं है." एवढंच बोलला आणि वाकला. आम्ही चौघांनी तुला उचललं.

ओढ्यापर्यंत जाताना मग खांदे बदलत गेले. लोक एकेक करून पुढं आले. पण ती पहिली दोन-तीन मिनिटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी अजून त्या अंगणातच उभा आहे असं वाटतं.

आपलं भांडण अर्धं राहिलं, म्हणून सगळं एकदा पहिल्यापासून तुझ्यापुढं मांडतो. तू मधे बोलणार नाहीस, याची सवय मला अजून झालेली नाही.

आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरले की तू शाळेसाठी आमच्याकडं राहायचास. चार महिने एका घोंगडीत झोपलो आपण. तू तेव्हाही असाच होतास. गुरुजींनी फळ्यावर चूक लिहिली तर हात वर करणारा. मी म्हणायचो, गप की, मार खाशील. तू खायचास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. पुढं मी शेतीत राहिलो, तू खुटबाववरून गाडी धरून दौंडच्या आयटीआयला जायला लागलास. त्यानंतर हायवेपासून आत, आपल्या शिवारात पेपर मिल आली. तू तिथं चिकटलास ते मिल बंद पडेपर्यंत. बंद पडल्यावरही.

त्या मिलमध्ये लगदा शिजवायच्या उंच टाक्या होत्या. आत लगदा कुठवर चढलाय हे बाहेरून कळावं म्हणून टाक्यांच्या अंगाला चार गेज लावलेली. प्रत्येक गेजमध्ये शिशाच्या जाड भांड्यात किरणोत्सारी पदार्थाची बारकी गोळी. अशी गोळी जिथं आहे तिथं तिची जबाबदारी घेणारा शिकलेला माणूस नेमावाच लागतो, असा कायदा. कंपनीनं तुला मुंबईला कोर्सला पाठवलं, तू परीक्षा देऊन आलास, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर झालास. गावात सगळे तुला साहेब म्हणायला लागले, निम्मे मानानं, निम्मे चेष्टेनं. मी चेष्टेवाल्यांत.

"करंगळीच्या पेराएवढी गोळी," मी म्हणालो होतो, "तिला एवढा कायदा कशाला?"

"एवढीशी हाय म्हणूनच," तू म्हणालास. "मोठी आसती तर कुनी इसरलं नसतं."

मग मिल बंद पडली. कामगारांनी फाटकाशी बसून बघितलं, मोर्चे काढले, आणि शेवटी ज्याला जिथं काम मिळालं तिथं तो गेला. कुणी रांजणगावला, कुणी कुरकुंभला. मालक कुठं गेला पत्ता नाही. कोर्टानं नेमलेला अधिकारी पुण्याहून आला, त्यानं यंत्रांची यादी केली. त्या यादीत तुझी चार गेज 'लोखंडी भांडी, चार नग' अशी लिहिलेली तू मला दाखवलीस.  मला हसू आलं होतं. खरं सांगतो, तेव्हा हसू आलं होतं.

तू ती चार भांडी उतरवून गोदामात कुलपात ठेवून घेतलीस आणि रोज सकाळी जाऊन मोजायला लागलास. तुला कुणी ठेवलं नव्हतं. मी विचारलं, कशाला जातोस? तू म्हणालास, "नेमणुकीच्या पत्रावर माझं नाव हाय. नाव काढल्याचं पत्र आलेलं न्हाई."

ओट्यावर बसून तू मला तो कायदा किती वेळा समजावलास. मिल बंद झाली म्हणजे परवानेदाराला हात झटकून जाता येत नाही. एकेक गोळी जिथून आली तिथं परत गेली पाहिजे, नाहीतर सरकारच्या ताब्यात गेली पाहिजे. तोवर कुलूप, नोंदवही, पहारा. सगळं गेल्यावर जागेची तपासणी आणि मग मुंबईच्या अणुऊर्जेच्या सरकारी कचेरीतून लेखी कागद, की आता इथं काही उरलं नाही. तो कागद येईपर्यंत बंद मिल कायद्यानं बंद नाहीच. मी म्हणायचो, बाळू, तिथं आता कुत्रं फिरतंय, कसली मिल? तू म्हणायचास, "मशीन बंद पडलं. गोळी बंद पडत न्हाई. तिला बंदचा हुकूम कळत न्हाई."

मी तेव्हा सरपंच झालो होतो. त्या जागेवर गाड्यांचे सुटे भाग करणारी नवीन कंपनी आणतो, असं बोलून निवडून आलो होतो. पोरांना गावातच काम मिळेल असं घरोघर सांगितलं होतं. कंपनीचे लोक जागा बघायला यायचे होते, चारच दिवस राहिले होते, आणि तू सकाळी सकाळी माझ्या कांद्याच्या रानात आलास. बांधावर उभा राहिलास. आबांनी संध्याकाळी जाळीच्या वाघुरात मेंढरं मोजल्यावर एखादं कमी भरलं की त्यांचं तोंड व्हायचं, तसं तुझं झालं होतं.

"संपत, चारातलं एक न्हाई."

गोदामाच्या मागच्या खिडकीची जाळी उचकटून भांडं नेलेलं होतं. यंत्रं सोडवायला आलेल्यांपैकी कुणी असेल, बाहेरचं कुणी असेल. शिशाच्या लोभानं नेलेलं.

मी विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"मुंबईला फोन केला. पोलिसांत लिवून दिलं. मग तुझ्याकडं आलो."

"आधी माझ्याकडं यायचं होतंस. चार दिवसांनी कंपनीची माणसं येत्यात. दोन दिवस शोधलं आसतं, सापडलं आसतं, कुणाला कळलंबी नसतं."

तू म्हणालास, "ते भांडं आत्ता या टायमाला कुनीतरी फोडाय बसला आसंल. तू गाडी काढ."

मी पिकअप काढली. मुंबईहून आलेली तुकडी पुण्याच्या बाजूनं शोधत होती, पोलीस हायवेवर. आपण दोघं दौंडच्या रेल्वेच्या बाजूच्या भंगार अड्ड्यांपासून सुरू केलं. केडगाव, चौफुला, मग भीमा ओलांडून न्हावरे, शिरूर. तीन दिवस. तू हातात किरणं मोजायचा मीटर घेऊन पत्र्याच्या ढिगांतून फिरायचास, मी मालकाशी बोलायचो. लोकांना वाटायचं आपण टॅक्सवाले. एकानं तर चहा पाजून, 'साहेब, यंदा सोडा' म्हणून हात जोडले. तेवढ्यावरच आपण दोघं हसलो त्या तीन दिवसांत. तू भाकरी उभ्यानं खायचास. न्हावऱ्याच्या पुढं मी म्हणालो, बस की दोन मिनिटं. तू बसला नाहीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिरूरच्या बाहेर शकीलभाईच्या आवारात मीटर वाजायला लागला. तू आवाज चढवला नाहीस, पळाला नाहीस. हळू आवाजात म्हणालास, "संपत, फाटकापाशी जा. सगळ्यांस्नी भाईर घे." शकीलभाई आला, काय झालं विचारायला लागला. तू पत्र्याखालच्या त्या भांड्याकडं बोट केलंस.

"ये कब आया?"

"दो-तीन दिन हुए होंगे. अंदर सीसा है. कल काटने वाले थे."

गॅस कटर शेजारीच पडलेला होता. नळ्या जोडलेल्या. आवारातच त्याचं बिऱ्हाड होतं, दोरीवर कपडे वाळत होते, पोरं खेळत होती. मी फाटकापाशी उभा राहून बायामाणसांना रस्त्यापलीकडं घालवत होतो. तू एकटा आत गेलास, वाकून बघितलंस, मीटर चारी बाजूंनी फिरवलास. परत आलास तेव्हा म्हणालास, "भांड्याचं शटर बंद हाय. कुलूप शाबूत. काय बी सांडलेलं न्हाई." आणि मग तिथंच पडलेल्या एका टायरावर बसलास. 

आणि मी, बाळू, तुझ्याजवळ येऊन काय बोललो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "सापडलं ना? आता मुंबईला सांग, नजरचूक झाली, गोदामातच हुतं."

तू रागावला नाहीस. म्हणालास, "मग या लेकरांची तपासनी कशापायी करा म्हणून सांगू?"

 मी पिकअपमध्ये जाऊन बसलो.

पुढचं वर्ष तू एकट्यानं काढलंस. भांडं पुन्हा गोदामात आलं, शकीलभाईचं आवार महिनाभर सील झालं, त्याच्या घरच्यांची दोनदा तपासणी झाली, सगळे ठीक निघाले. तो तुझ्यावर चिडला होता, आणि तरी तू दर आठवड्याला शिरूरला जाऊन त्याला भेटत राहिलास, हे मला नंतर कळलं. तुला नोटीस आली. गोळी तुझ्या जबाबदारीवर असताना गेली कशी? तू उत्तरात लिहिलंस की खिडकीची जाळी सडल्याचं मी कोर्टाच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं नाही, ही माझी चूक. मी म्हणालो, कशाला लिहिलंस, तोंडी सांगितलेलं कोण सिद्ध करणार होतं? तू म्हणालास, "मी हाय की."

मिलला तारेचं कुंपण आलं, दोन पहारेकरी आले, गोदामाला दोन कुलपं आणि दोन वेगळ्या माणसांकडं किल्ल्या. नियमांच्या पुस्तकातलं तू पहारेकऱ्यांसाठी मराठीत उतरवून भिंतीला लावलंस. आणि सगळं पार पडेपर्यंत जागेवर एक वीटही हलवायची नाही, असा हुकूम आला. कंपनीच्या लोकांनी येणं पुढं ढकललं. एकदा, दोनदा, मग फोन घ्यायचे बंद झाले. पोरं माझ्या दारात येऊन उभी राहायची. "सरपंच, काय झालं कंपनीचं?" मी काय सांगणार? मी तुझं नाव सांगायला लागलो.

अर्ज मीच लिहिला. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर. सदर इसम गावाच्या विकासाच्या आड येत आहे. पुढं काहीतरी जोरदार पाहिजे म्हणून अजून एक ओळ घातली, 'सदर इसमाच्या गावातील वावरामुळे भीतीचे वातावरण आहे.' तसं काही नव्हतं. लोक तुझ्याकडं येत होते, चहा पीत होते. पण ती ओळ मी सभेत वाचून दाखवली. पहिली सही माझी, मग बाकीच्यांच्या. अर्ज मुंबईला गेला.

आणि मी लिहिलं म्हणून तसं झालं. आधी तुझ्या घरचं दूध कुणी घेईना. मग तुझ्या पोरीच्या शेजारी शाळेत कुणी बसेना. तू मला हसत सांगितलंस, "संपत, लोकांस्नी वाटतंय माझ्या अंगातनं उजेड पडतो." मी पण हसलो. त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. तू समोर बसला होतास, दिवस मावळत होता, माझी बायको चहा घेऊन आली, तू बशीत ओतून प्यालास. मी नाही सांगितलं. तुझ्या अंगणात तिरडीची पुढची उजवी बाजू मोकळी राहिली, ती मी माझ्या हातानं केली होती.

शेवटी गाडी आली. पुढं पोलिसांची जीप, मागं पिवळा फलक लावलेला ट्रक. लोक गच्च्यांवर चढून बघत होते. तू फाटकापाशी उभा राहून एक, दोन, तीन, चार अशी भांडी आत चढताना मोजलीस, कागदावर सही केलीस. ट्रक हायवेला लागल्यावर टोपी काढून डोकं पुसलंस. मला वाटलं, झालं. तू म्हणालास, "अजून जागेचा कागद यायचाय."

तपासणीवाले येऊन गेले, भिंती, माती, गटार सगळ्याला मीटर लावून गेले. कागदाची वाट बघणं राहिलं. त्यातच अणुऊर्जेचा कायदा नव्यानं होणार अशी बातमी तू वाचलीस आणि तुझं नवीन खूळ सुरू झालं. तू दिल्लीला पत्र लिहायला बसलास. मराठीत. एकच मागणी. कारखाना बुडाला की त्याच दिवशी अशा गोळ्यांचा राखणदार कोण, हे कायद्यात नावानिशी ठरलेलं पाहिजे. मालक पळाला, कोर्टाच्या माणसाला माहीत नाही, आणि मधल्या काळात खिडकीची जाळी सडते. मोठ्या अणुभट्टीला सगळे सांभाळतील, तू म्हणालास, आपल्यासारख्या मिलला कोण सांभाळणार?

गुरुवारी सकाळी आपण त्यावरच भांडत होतो. दहाचा सुमार. मिलच्या फाटकापाशी लिंबाखाली दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तू पत्राचा कच्चा मजकूर मला वाचून दाखवलास. मी म्हणालो, दिल्लीत तुझं मराठी कोण वाचणार? तू म्हणालास, "कुनीतरी आसंल की आपल्याकडचं." तेवढ्यात हायवेकडून उसाच्या दोन ट्रॉल्या वळल्या, मी त्यांच्याकडं बघत बोलत राहिलो. मी बरंच बोललो. म्हणालो, एका माणसानं पत्र लिहून कायदे होत नसतात. तू आयुष्य घातलंस त्या चार भांड्यांत, मिळालं काय? गावानं तुला वाळीत टाकायचं बाकी ठेवलंय. पोरीचा तरी विचार कर. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी आणखी चिडलो. म्हणालो, आता गप्प का? दुसऱ्यांना उत्तरं देतोस की. आणि वळून बघितलं.

तू खुर्चीत होतास. चष्मा खाली आला होता, मान डाव्या खांद्यावर. कागद मांडीवरच होता, बोटांत धरलेला.

मी तुला पिकअपमध्ये कसं घातलं, पहारेकऱ्यानं पाय धरले की मी, काही आठवत नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि मला बाहेर आणून बसवलं. म्हणाल्या, हृदय बंद पडलं, यात काही करता येण्यासारखं नव्हतं. मग विचारलं, "शेवटचं कधी बोलले तुमच्याशी? किती वेळ झाला?"

मला सांगता येईना. त्या पुन्हा विचारत होत्या. ट्रॉल्या वळल्या तेव्हा तू होतास का? वाळीत टाकायचं म्हणालो ते तू ऐकलंस का? किती वेळ मी एका गेलेल्या माणसाला रागं भरत होतो? झोपेतून उठतो तेव्हा आधी हेच मोजायला लागतो. हिशेब लागत नाही. लागावा असंही वाटत नाही, कारण तू ऐकलं असशील तर काय, आणि नसशील तर काय, दोन्ही मला सोसत नाही.

परवा तुझा कागद आला. मुंबईहून. पोस्टमननं पंचायतीत आणून दिला, कारण पत्ता मिलचा आणि नाव तुझं. जागेवर किरणोत्सारी काही शिल्लक नाही, नियमांप्रमाणे काम पूर्ण झालं आहे, जागा मोकळी करण्यास हरकत नाही. पानभर मजकूर. मी तो घेऊन तुझ्या घरी गेलो. आबा ओट्यावर होते. सुनंदावहिनी आत होत्या. मी कागद आबांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. म्हणालो, आबा, बाळूच्या विरोधात अर्ज मी केला होता. पहिली सही माझी होती. लोक अंगणात मागं सरले ते माझ्या ओळीमुळं.

आबांनी कागद घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "बस. ठावं हाय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्याला तवाच कळलं हुतं. जेवताना बोलला माझ्यापाशी. म्हनला, आबा, संपतची सही पयली हाय."

"मग मला का बोलला नाही तो?"

"म्या बी त्येच इचारलं. तर म्हनला, त्यो सरपंच हाय, पोरांस्नी शबुद दिलाय त्यानं. दुसरं काय करंल."

वहिनी आतून फाइल घेऊन आल्या. "भावजी, हे बघा. तुमचा अर्ज मुंबईवाल्यांनी ह्यांच्याकडंच पाठवला हुता, खुलासा द्या म्हणून." तुझ्या अक्षरातली प्रत होती. सरकारी नमुन्यातलं उत्तर, तारीख, विषय, संदर्भ. पहिल्या परिच्छेदात तू लिहिलं होतंस की अर्जदारांची मागणी रास्त आहे, गावाला रोजगाराची गरज आहे, तरी गोळ्या हलवण्याचं काम लवकर व्हावं, उशिराचा त्रास गावानं सोसू नये. माझ्या भीतीच्या ओळीबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्या परिच्छेदात तू स्वतःचीच तक्रार केली होतीस. शोधाच्या तीन दिवसांत अर्जदार क्रमांक एक हे माझ्यासोबत होते, त्यांना मात्रा मोजायचा बॅज न देता मी सोबत नेलं, ही माझ्याकडून नियमाची चूक झाली. म्हणून त्यांना किती किरण लागले असतील याचा हिशेब मी जोडत आहे, त्यांच्या नावानं नोंद व्हावी. सोबत एक आखलेलं पान. तीन दिवसांतली प्रत्येक जागा, मी भांड्यापासून किती फुटांवर, किती मिनिटं. बहुतेक सगळीकडं शून्य. शेवटी शिरूर. 'फाटकापाशी, साठ फूट, चाळीस मिनिटे.' आणि त्याखाली आणखी एक ओळ. 'सहा फूट, एक मिनिट. भांड्याजवळ खेळणारी लहान मुलगी उचलून बाहेर आणण्यासाठी स्वतःहून आत गेले.'

बाळू, मला हे आठवत नव्हतं. मी इतके दिवस स्वतःला फाटकापाशीच उभा बघत होतो. आता वाचल्यावर तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास आला. तू आत वाकून मीटर बघत होतास, तरी तू ते बघितलंस, मिनिट मोजलंस, आणि मी तुझ्याविरुद्ध केलेल्या अर्जाच्या उत्तरात लिहून पाठवलंस. खाली मात्रेचा आकडा आणि 'काळजीचे कारण नाही.'

वहिनी आत गेल्या. आबांना वाचता येत नाही. ते माझ्या हातातल्या कागदांकडं बघत होते.

"काय लिवलंय रं त्यात?"

मी फाइल पुन्हा पहिल्या पानावर आणली आणि आबांना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं, माझ्या अर्जापासून, माझ्या सहीसकट.